गाडी रेल्वे गेटवर बंद पडते ती बिघडली म्हणून नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र छापून आलं होतं, की नवीन गाड्या सिग्नलला आणि गेटवर आपोआप बंद पडतात, पाऊस सुरू झाला की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात, वर्कशॉपला गेलं की सेन्सर बदला म्हणतात, आणि हे सगळं कंपन्यांनी पैसे उकळायला काढलेलं आहे. माझं बेळगावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, वडलांनी सुरू केलेलं, त्यामुळं हे पत्र वाचून गप्प बसवेना. त्यांचा राग बरोबर आहे, पण त्यांनी वेगवेगळ्या तक्रारी एका पोत्यात भरल्यात आणि वर्कशॉपवाल्याला नेमकं हेच पाहिजे असतं. गिऱ्हाईक 'इलेक्ट्रिकलचा काहीतरी प्रॉब्लेम आहे' एवढंच म्हणून गाडी सोडून गेलं की पुढं त्याच्या बिलात काय घालायचं ते दुसरा माणूस ठरवतो.

तर पहिली गोष्ट, गाडी थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं हा बिघाडच नाही, ती सोय आहे. गिअर न्यूट्रल केला, क्लच सोडला की इंजिन बंद, क्लच दाबला की परत चालू. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून धरला की बंद आणि ब्रेक सोडला की चालू. ही आयडिया काही कालची नाही, टोयोटानं जपानात १९७४ साली क्राऊन गाडीत अशी सिस्टीम दिली होती. आपल्याकडं महिंद्राच्या स्कॉर्पिओ-बोलेरोत मायक्रो हायब्रिड नावानं आली, नंतर २०१५ मध्ये मारुतीनं सियाझमध्ये स्मार्ट हायब्रिड आणली, आणि आता तर बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांतही असते. कारणही सरळ आहे, उभी गाडी नुसती घुरघुरत ठेवली तर पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर असंच जाळतं, आणि मायलेजच्या सरकारी टेस्टमध्ये गाडी उभी असतानाचा वेळही धरलेला असतो, म्हणजे कंपनीला कागदावर आकडा चांगला दिसतो. पत्रलेखकांना कंपनीचा डाव शोधायचाच असेल तर तो इथं थोडाफार सापडेल, बाकी नाही.

आता टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटची गोष्ट सांगतो, कारण ही तक्रार घेऊन माझ्याकडं माणसं येतच असतात. मिरज-लोंढा लाईन, गेट पडलं की एक रेल्वे जाऊन दुसरी येईपर्यंत उघडेल याची खात्री नाही. गाडी थांबली, इंजिन आपोआप बंद झालं. इथपर्यंत ठीक. मग आपला माणूस काय करतो, बेल्ट काढतो, दार उघडतो, एक पाय खाली ठेवून रेल्वे कुठं आली ते वाकून बघतो, शेजारच्या स्कूटरवाल्याशी दोन शब्द बोलतो. गेट वर जायला लागलं की घाईत आत बसतो, क्लच दाबतो, आणि गाडी ढिम्म. मागचे सगळे हॉर्न मारायला लागतात. दुकानात आल्यावर म्हणतो, "गाडी आपणच बंद पडूलाली बघा, आणि चालूच होईना." अहो, तुम्ही बेल्ट काढून दार उघडलं म्हणजे ड्रायव्हर उतरला असं गाडीनं धरलं. ड्रायव्हर नसताना इंजिन आपोआप चालू झालं आणि गाडी गिअरमध्ये असली तर काय होईल याचा विचार करा. म्हणून बऱ्याच गाड्यांत अशा वेळी ऑटो स्टार्ट रद्द होतो आणि रोजच्यासारखी चावी फिरवून किंवा बटण दाबून गाडी चालू करावी लागते. यात दुरुस्त करायचं काही नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं मी फार थोड्या गाड्यांत बघितलंय.

दुकानात येणारी दुसरी तक्रार याच्या बरोबर उलटी. "ऑटो स्टॉप आधी चालायचं, आता इंजिन बंदच होत नाही." आणि हे सांगताना बऱ्याच लोकांच्या चेहऱ्यावर आनंद असतो, कटकट गेली म्हणून. इथं मात्र माझं म्हणणं नीट ऐका, कारण या पत्रातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. ऑटो स्टॉप काम करेनासं झालं ही बहुतेक वेळा बॅटरीची पहिली तक्रार असते. अशा गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत किती करंट आला, किती गेला, व्होल्टेज किती, तापमान किती याचा सतत हिशोब ठेवतो. बॅटरी ठरावीक लेव्हलच्या खाली गेली की गाडी स्वतःच ठरवते, आता इंजिन बंद करायचं नाही, परत सेल्फ मारायला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करायला, ताकद पुरेल का याचा भरवसा नाही. घरात महिनाअखेरीला पैसे कमी पडायला लागले की आई आधी साखर-चहाला हात लावते, भाकरीला नाही, तसं गाडी आधी ऑटो स्टॉप सोडून देते, सेल्फ आणि हेडलाईट तेवढे राखून ठेवते. म्हणजे सकाळी 'कट कट' आवाज करून गाडी उभी राहायच्या कितीतरी आधी तिनं तुम्हाला सांगितलेलं असतं. आपण ते ऐकत नाही आणि मग ऐन मिरगात, मुलांना शाळेत सोडायच्या वेळी, बॅटरी उतरली म्हणून फोन येतो.

अर्थात बॅटरी चांगली असतानाही ऑटो स्टॉप न होण्याची कारणं बरीच असतात. इंजिन अजून गरम झालं नसेल, एसीवर जास्त लोड असेल, काचेवरचं धुकं घालवायला डिफॉगर लावला असेल, स्टेअरिंग वळवलेलं असेल, चढावर उभी असेल, ब्रेक दाबायला मदत करणारा व्हॅक्युम कमी झाला असेल, तर गाडी इंजिन बंद करत नाही आणि ते बरोबरच आहे. एक मजेशीर कारण म्हणजे बोनेटचं लॉक. त्या लॉकात एक छोटा स्विच असतो, बोनेट उघडं आहे असं त्यानं सांगितलं की ऑटो स्टॉप बंद. सर्व्हिसिंगनंतर बोनेट नीट बसलं नाही, किंवा चिखल जाऊन स्विच अडकला, की माणूस बॅटरी बदलतो, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलतो आणि बिघाड असतो तिथं, लॉकात. थोडा स्प्रे मारून, साफ करून काम होतं. म्हणून आधी काही दिवस लक्ष ठेवा, एसी बंद करून, गाडी चांगली गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर ऑटो स्टॉप होतंय का बघा. तरी होत नसेल तर बॅटरीकडं वळा.

बेळगावातल्या गाड्यांना हा त्रास जास्त का, त्याचंही कारण आहे. शहापूरहून खडे बाजार, वडगावहून कॅम्प, अनगोळहून मार्केट, दोन-चार किलोमीटरचं जाणं. तेवढ्यात सेल्फनं जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी अल्टरनेटर भरून देत नाही. त्यात पावसाळ्यात वायपर, हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू. चन्नम्मा सर्कलला चार वेळा इंजिन बंद-चालू झालं की अजून भर. अशी गाडी महिनाभर गावातच फिरली की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच वापरत राहिलं की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती मरते. याला उपाय साधा आहे, आठवड्यातून एकदा निपाणीपर्यंत नाहीतर खानापूरपर्यंत जाऊन या, किंवा रात्रभर चांगल्या ऑटोमॅटिक चार्जरला लावा. आणि गावात तेवढंच फिरणं असेल तर ते ए अक्षराभोवती बाण असलेलं बटण दाबून ऑटो स्टॉप बंद ठेवा, काही बिघडत नाही. लांब गेट असेल तर चालू करा. काही लोक विचारतात सेल्फ लवकर जाईल का. या गाड्यांचा सेल्फ जास्त वेळा मारायच्या हिशोबानंच बनवलेला असतो, आणि मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाडीत तर गरम इंजिन बेल्टवरच्या मोटरनं चालू होतं, नेहमीच्या सेल्फला कामच नसतं. बटण दाबायचं ते बॅटरीसाठी.

बॅटरी बदलायची वेळ आली की आणखी घोटाळा सुरू होतो. ऑटो स्टॉपच्या गाडीला ईएफबी नाहीतर एजीएम बॅटरी लागते, ती वारंवार थोडी उतरायला आणि पटकन भरायला बनवलेली असते. साधी बॅटरी मापात बसते, गाडी मस्त चालू होते, स्वस्तही पडते, म्हणून दुकानदार देऊन टाकतो. चिकोडीकडच्या एका गिऱ्हाइकाला अशीच एका दुकानानं हायवेवर साधी बॅटरी बसवून दिली, वर्ष पुरं व्हायच्या आत ती फुगली आणि वॉरंटी मागायला गेल्यावर 'तुमच्या गाडीला ही चालतच नाही' असं त्याच दुकानानं सांगितलं! बिलावर बॅटरीचा प्रकार लिहिलेलाच नव्हता, भांडणार कशावर. तेव्हा बॅटरी कोल्हापुरात घ्या नाहीतर बेळगावात घ्या, बिलावर ईएफबी का एजीएम हे लिहून घ्या, गाडीचा नंबर घाला, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. आणि बदलल्यावर त्या निगेटिव्हच्या सेन्सरला नवी बॅटरी बसल्याचं कळवावं लागतं, काही गाड्यांत गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावून, काहींत गाडी लॉक करून काही तास नुसती उभी ठेवली की ती आपली आपण शिकते. हे केलं नाही तर नव्या बॅटरीलाही गाडी जुनीच समजत राहते आणि ऑटो स्टॉप होत नाही. मग परत 'नवीन बॅटरी घालून पण तसंच हाय की'.

त्या सेन्सरबद्दल अजून एक. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना निगेटिव्हचा चिमटा सरळ बॅटरीच्या टर्मिनलला लावू नका, इंजिनाच्या नाहीतर बॉडीच्या पक्क्या लोखंडाला लावा. वरून हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर बसवणाऱ्यांनीही अर्थ, म्हणजे करंट परत जायची निगेटिव्ह जोडणी, बॉडीवरच घ्यायचा असतो. टर्मिनलवर घेतला की तो करंट सेन्सरला चुकवून जातो, सेन्सरचा हिशोब बिघडतो, गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे आणि ती असते अर्धी.

आता तिसरी तक्रार, डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागणं. एबीएस, पॉवर स्टेअरिंग, एअरबॅग, चेक इंजिन, सगळे. घाबरून जायला होतं हे खरं. पण जरा विचार करा, पाच वेगळ्या सिस्टीम एकाच सकाळी, एकाच मिनिटाला बिघडतील का? बिघाड सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टीत असतो, आणि सगळ्यांना लागणारी गोष्ट म्हणजे व्होल्टेज आणि अर्थ. मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडून एक गाडी आली. तिकडं कणकुंबी, चोर्ला घाटाचा पाऊस कसा असतो ते आपल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी सेल्फ मारला की सगळे दिवे लागायचे, स्टेअरिंग जड व्हायचं, थोडं चालल्यावर निम्मे दिवे जायचे. एका वर्कशॉपनं ईसीएम बदलायला सांगितलं होतं, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आकडा ऐकून त्या माणसानं गाडी विकायचं ठरवलं होतं. मी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर, घेतला, एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूवर, आणि त्याला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर ०.९ व्होल्ट. तिथं ०.२ च्या आसपास किंवा त्याच्या खाली पाहिजे. म्हणजे इंजिनापासून बॅटरीपर्यंत परत येणाऱ्या रस्त्यातच जवळजवळ एक व्होल्ट अडकला होता. गाडीखाली जाऊन बघतो तर इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थ पट्टी, विणलेल्या तांब्याची असते ती, बोल्टजवळ हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटून पावडर झालेली, नुसती बोटानं दाबली तरी चुरा होत होता. नवी पट्टी घातली, बोल्टची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, वरून पेट्रोलियम जेली लावली. परत सेल्फ मारला, मीटर ०.१. दिवे सगळे गेले ते गेलेच. पट्टीचा खर्च ईसीएमच्या पासंगालाही पुरला नाही.

हे सांगतोय ते माझी कला दाखवायला नाही. ही टेस्ट कुणालाही करता येते, मल्टीमीटर पाचशे-हजार रुपयांत मिळतो. आणि त्याच मीटरनं बॅटरीही बघता येते. रात्री गाडी लावून सकाळी बोनेट उघडून मोजलं आणि १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे संपलीच समजा. मग एकाला सेल्फ मारायला सांगून बघा, त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. गेलं तर बॅटरी तरी कमजोर, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. पण इथं एक सावधगिरी, नवीन गाड्यांचा अल्टरनेटर हुशार असतो, बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, मीटरवर १२.८ पण दिसतं, आणि वेग कमी करताना वाढवतो. हे माहीत नसलेला मेकॅनिक लगेच 'अल्टरनेटर गेला' म्हणतो. हेडलाईट, ब्लोअर, मागचा हीटर लावून परत मोजायला लावा. लोड टाकल्यावर व्होल्टेज वर आलं तर अल्टरनेटर ठीक आहे, पैसे खिशात ठेवा.

वरून बसवलेल्या सामानाबद्दल मी काही बोललो की आमच्याच धंद्यातले मित्र रागावतात, पण बोलतो. मोठे एलईडी बल्ब, चार हॉर्न, डॅश कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, बूटमध्ये ॲम्प्लिफायर, हे सगळं रिलेशिवाय आणि फ्यूजशिवाय, मूळ वायर सोलून त्याला गुंडाळून, वर काळी टेप. ती टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटते. गाडी बंद असतानाही यातलं काही ना काही करंट ओढत राहतं. लॉक केलेली गाडी झोपी गेल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत ओढायला पाहिजे. त्याऐवजी अर्धा अँपिअर ओढत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, ४५ च्या बॅटरीचं दोन दिवसांत निम्मं झालं. लग्नाला मुंबईला जाऊन आलं की गाडी चालू होत नाही ती यामुळं. बघायचं तर चावी लांब ठेवा, बोनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरनं बंद स्थितीत फिरवून ठेवा म्हणजे गाडीला बोनेट बंद वाटेल, मीटर दहा अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा, मग अर्धा-पाऊण तास थांबा, कारण तेवढा वेळ गाडीतले कॉम्प्युटर जागेच असतात, आणि त्यानंतर आकडा बघा. मीटर जोडलेला असताना कुणी सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. जास्त दाखवलं तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा पडला ती लाईन. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी करत नाही, बॅटरी विकणं सोपं.

उंदीर. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर शेडमध्ये आणि तिथून गरम इंजिनावर. संकेश्वर, हुक्केरीकडच्या गाड्यांत हे फार. वायर बाहेरून साबूत दिसते, काळ्या नळीच्या आत कुरतडलेली असते. बोनेट उघडल्यावर लेंड्या, भाताचं तूस, नाहीतर तो ठरावीक वास आला तर स्कॅनर बाजूला ठेवा आणि टॉर्च घ्या.

वॉशिंग सेंटरलाही हात जोडून विनंती आहे. प्रेशरचं पाणी इंजिनात मारू नका, वायरी जोडणाऱ्या कपलरच्या रबरातून पाणी आत जातं, पितळी पिना हिरव्या पडतात आणि बिघाड दोन महिन्यांनी दिसतो, तेव्हा वॉशिंग कुणाला आठवत नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीत झाडाची पानं अडकून पाण्याची वाट बंद झाली की पाणी केबिनमध्ये, फ्यूज बॉक्सपर्यंत येतं, ती पानं आत्ताच, पाऊस जोरात यायच्या आधी काढून टाका.

स्कॅनरबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. हल्ली ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर घरोघरी आलाय, मोबाईलवर कोड दिसतो आणि माणूस त्या कोडाचा पार्ट मागायला दुकानात येतो. कोड म्हणजे गाडीची तक्रार, निदान नव्हे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, त्यात बॅटरी बदला असं कुठंही लिहिलेलं नाही, अर्थ खराब असला तरी तोच येतो. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं, तो सेल्फ मारताना व्होल्टेज पडल्यावरही येऊन बसतो. दहा-बारा कोड एकदम आले तर आधी फोटो काढून ठेवा, बॅटरी आणि अर्थ नीट करा, कोड पुसा, चार दिवस चालवा, आणि जो परत येईल त्याच्या मागं लागा. बाकीचे येत नाहीत.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो ऑटो स्टॉपशी कुणी मिसळू नये. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, तेही डॅशवर ऑटो स्टॉपची खूण नसताना, तर तो धोकाच आहे. तवंदी घाटात उतारावर असं झालं तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून डाव्या बाजूला घ्या, हझार्ड लावा. इंजिन गरम झाल्यावर बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं असं असेल तर इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर बघायला सांगा, त्याचा कोड बऱ्याचदा पी०३३५ येतो. नाहीतर फ्यूएल पंपाचा रिले, चावीचा स्विच. ही गाडी 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणून हायवेवर काढू नका.

आता वर्कशॉपवाल्यांसाठी, आमच्यासकट. जॉब कार्डवर आपण 'इलेक्ट्रिकल चेक' असं लिहितो आणि त्याचे पैसे घेतो. चेक केलं म्हणजे मोजलं, आणि मोजलं तर आकडा असणारच. सकाळचं व्होल्टेज किती, सेल्फ मारताना किती, लोडवर चार्जिंग किती, इंजिन-निगेटिव्हमध्ये फरक किती, एवढे चार आकडे कार्डावर लिहायला दोन मिनिटं लागतात. मी माझ्या दुकानात लिहून देतो, उद्यमबागेतले आणखी एक-दोघं देतात. गिऱ्हाइकानंही मागितलं पाहिजे. सेन्सर किंवा ईसीएम बदलायचा म्हणाले तर आधीचे आकडे दाखवा म्हणा, आणि बदलल्यावर जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. देत नसतील, बिल देत नसतील, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो, पुढं जिल्हा ग्राहक आयोगही आहे, गाडी एमएच पासिंगची असो नाहीतर आपल्याकडची केए-२२, केए-२३ ची. पण तिथंही कागदावर काहीतरी पाहिजे, नुसतं 'त्यांनी फसवलं' म्हणून चालत नाही.

ज्या वाचकांचं पत्र आलं होतं त्यांनी त्यांची गाडी कोणती ते लिहिलं नव्हतं. पण पावसात दिवे लागतात आणि सकाळी सेल्फ हळू फिरतो एवढं लिहिलं होतं, त्यावरून मला तरी आधी अर्थ पट्टी आणि बॅटरीचा संशय येतो. त्यांनी आहे त्याच वर्कशॉपला जावं, सेन्सरची ऑर्डर थांबवायला सांगावी आणि आधी हे चार आकडे लिहून घ्यावेत. आकडे आले की त्यांनी ते आपल्या पेपरात जरूर कळवावेत, माझा अंदाज चुकला असला तरी.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, बेळगाव